खडवलीची बाई

लखनौ, ११ मार्च

ऋजू,

काल तुझे फोन येत होते आणि मी उचलत नव्हते. लॅबमध्ये आहे असा मेसेज टाकला, तो खोटा. कॅन्टीनबाहेरच्या बाकावर बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत होते. उचलला असता तर भांडले असते, आणि फोनवर मला धड भांडता येत नाही, रडू येतं. म्हणून हे पत्र. पूर्वी लिहायचोच की आपण. मी लखनौला नवीन आलेले तेव्हा तुझी जाड पाकिटं यायची. फडके रोडवर कोण कुणाबरोबर दिसलं इथपासून सगळं असायचं त्यात.

आता बातमीचंच बोलते.

"ठाणे जिल्ह्याचे मूळ मालक कोण? डीएनएने दिले उत्तर!" हा मथळा, खाली माझा फोटो, आणि फोटोखाली माझं आडनाव ठळक अक्षरांत. मी तुझ्याशी काय बोलले होते ते आठव. त्यात मालक हा शब्द कुणी काढला होता? मी सांगितलं होतं की खडवलीच्या पुढे एका बंगल्याचा पाया खणताना एका बाईचा सांगाडा मिळाला. पुरातत्त्ववाल्यांनी तिच्या कानाजवळचं हाड आमच्याकडे पाठवलं, कारण ते शरीरातलं सगळ्यात टणक, डीएनए टिकला तर तिथे टिकतो. आपल्याकडच्या दमट मातीत तिथेही फारसा टिकत नाही. आम्हाला जे मिळालं त्यातलं बहुतेक मातीतल्या जंतूंचं होतं, बाईचं स्वतःचं म्हणावं असं चिमूटभर. त्यातून फक्त तिच्या आईकडची वंशरेषा कळली, आणि ती रेषा आज देशभर, सगळ्या जातीधर्मांत सापडते. बाई साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा कल्याणच्या बंदरात परदेशी जहाजं लागत होती. म्हणजे इथे पहिलं कोण आलं, कोण कुठून आलं, यातलं ती बिचारी काहीही सांगू शकत नाही. हे मी तुला फिरवून फिरवून सांगितलं. तू "हं, हं" म्हणत लिहून घेत होतीस. मला कीबोर्डचा आवाज येत होता.

आमच्याकडे खरं तर असं कुणी पत्रकारांना फोन करत नाही. शोधनिबंध आला की संस्थेची छोटी प्रेसनोट जाते, संपलं. मी तुला फोन केला तो खडवली म्हणून. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हर्बेरियमच्या फाइलसाठी पानं गोळा करायला आपण खडवलीला जायचो. नदीच्या खडकांवर बसून मी पानं रद्दी पेपरांत दाबायचे, आणि तू पान बाजूला सारून तो पेपर वाचत बसायचीस. सहा महिन्यांपूर्वीची बातमी असायची, तरी मोठ्याने वाचून दाखवायचीस आणि मग त्यावर तुझं मत. मॅडमनी तुझी फाइल उघडली तेव्हा आत चार सुकलेली पानं होती आणि त्यांतली दोन माझी. तू वनस्पतिशास्त्रात राहणार नाहीस हे मला तेव्हाच कळलेलं.

हाडाच्या डबीवर खडवली हे नाव वाचलं तेव्हा मला त्या नदीचा वास आला. दोन-दोन हातमोजे आणि तोंडावर मास्क घालून, लॅबमध्ये. म्हणून तुला फोन केला. बाकी काही नव्हतं.

उत्तर दिलंस तरी चालेल, नाही दिलंस तरी चालेल.

वैशाली


लखनौ, २९ मार्च

ऋजू,

तुझं पाकीट मिळालं. तू लिहिलेला मूळ मजकूर वाचला. चांगला लिहिलायस. मी सांगितलेलं सगळं शेवटच्या परिच्छेदात आहे, आणि तो परिच्छेद फर्निचरच्या जाहिरातीसाठी कापला गेला. मथळा डेस्कवर कुणीतरी बदलला, तोवर तू घरी गेलेलीस. हे सगळं मी खरं मानते. तुला ओळखते म्हणून मानते. पण लोकांच्या हातात जे पडलं ते तू लिहिलेलं नव्हतं, छापलेलं होतं.

खुलासा छापा म्हणून तू संपादकांकडे गेलीस, तर ते म्हणाले, मथळ्यात प्रश्नचिन्ह आहे, आपण दावा कुठे केला? हे वाचून मला हसू आलं. एका प्रश्नचिन्हाच्या आडोशाला अख्खा पेपर उभा राहू शकतो हे माहीत नव्हतं.

पुढचं ऐक. तुमची बातमी येऊन आठवडा होत नाही तोच एका चॅनेलने हेच संशोधन उलटं करून दाखवलं. "बाहेरून कुणी आलंच नाही, खडवलीच्या हाडांनी केलं सिद्ध." हाडांनी म्हणे. आमच्याकडे हाड एक. त्यांनी कॉम्प्युटरवर त्या बाईचा चेहरासुद्धा बनवला. गोरी, नाकात नथ, खांद्यावरून पदर, मागे सूर्योदय. चर्चेला चार माणसं बसवलेली, त्यांतल्या एकानेही शोधनिबंध उघडलेला नव्हता. एक गृहस्थ तर सगळा वेळ माझं नाव वैदेही सांगत होते.

आणि त्याची लिंक मला सगळ्यात आधी कुणी पाठवली असेल? तुझ्या आईने. "वैशाली, खूप अभिमान वाटला. बघ, आपण सगळे एकच." काकूंनी मनापासून पाठवलंय हे मला कळतं. मी "थँक्यू काकू" लिहिलं. दुसरं काय लिहिणार? मी पहिल्यांदा तुमच्या डोंबिवलीच्या घरी आलेले तेव्हा काकूंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्या थांबल्या. अगदी जराशा. मग म्हणाल्या, "थालीपीठ लावतेय, तिखट चालतं ना?" आणि पुढची तीन वर्षं मला तुझ्याआधी वाढलं. त्या थांबण्याबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. आज लिहितेय ते राग म्हणून नाही. ती लिंक उघडल्यावर आठवलं, आणि त्याबरोबर तव्यावरून थेट ताटात पडलेलं ते थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. मला ती दोन वेगळी काढता येत नाहीत. काढायचीही नाहीत.

बाकीचे मेसेज तू वाचू नयेस असे आहेत. आडनाव बघून ज्याला जे सुचलं ते त्याने लिहिलंय. कोट्यातून आलेल्या बाईकडून दुसरं काय निघणार, असं एकाने. मी पुसून टाकले. इतक्या वर्षांत त्याची सवय होते असं म्हणतात, होत नाही, पण हात पटकन पुसायला शिकतो.

मला त्या लोकांची भीती नाही. भीती बाबांची आहे. तुमची बातमी बाबांनी लॅमिनेट करून घेतलीय. आंबिवलीच्या आमच्या अख्ख्या चाळीत फिरवली, मग स्टेशनजवळच्या सलूनमध्ये, मग दवाखान्यात. मला फोनवर म्हणाले, "वैशू, तू सिद्ध करून दाखवलंस. आता कुणी तोंड वर करून बोलणार नाही." त्यांचा इतका तरुण आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी सांगणार होते, ऋजू. शब्द तोंडात आलेले. मग म्हटलं, घरी गेल्यावर समोर बसून सांगू.

तर आता विहाराच्या कमिटीचे विश्रामकाका जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार करतायत. बॅनर छापून झालाय, फोटो आलाय. "मूळनिवासींचा वारसा सिद्ध करणाऱ्या आंबिवलीच्या सुकन्या." मी तिकीट काढलंय. तिथे उभी राहून काय बोलू ते तूच सांग.

वैशाली


आंबिवली, १५ एप्रिल

ऋजू,

तू लिहिलंस, जे माझ्याशी बोललीस तेच तिथे बोल, तिथे कापायला कुणी नाही. तसंच केलं. सांगते कसं झालं ते.

विहार भरलेला होता. मुलांची भाषणं झाली, एका छोटीने मधेच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाच बघतेय असं वाटलं. त्याच जागी मी बोलायचे, बाबा पहिल्या रांगेत बसून ओठ हलवायचे, कारण माझं भाषण त्यांना माझ्याहून जास्त पाठ असायचं. कालही ते पहिल्या रांगेत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन.

विश्रामकाकांनी ओळख करून दिली आणि माइक माझ्या हातात दिला. मी आधी हाड कसं मिळालं, त्यातून डीएनए कसा काढतात हे सांगितलं. लोक मन लावून ऐकत होते. मग म्हटलं, "पेपरात जे आलं ते या हाडातून निघत नाही. पहिलं कोण आलं, मालक कोण, हे मला कळलेलं नाही. त्या बाईला तिच्या आईकडून जे आलं ते आज या हॉलमध्ये कुणाकुणात असेल, आणि ठाण्याच्या टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत उभं राहणाऱ्यांतही असेल."

विश्रामकाकांचा मुलगा दिपेश, कल्याण कोर्टात वकिली करतो, तो उठून म्हणाला, "ताई, मग ते चॅनेलवाले सांगतात ते खरं?"

मी म्हटलं, तेही खोटं. त्या हाडात त्यांच्या बाजूचंही काही नाही.

मागून कुणीतरी विचारलं, ती बौद्ध होती का. मी म्हटलं, हाडावरून तेही कळत नाही. थोडे हसले, बरेच हसले नाहीत. दिपेश उभाच होता. तो शांतपणे म्हणाला, "त्यांच्या बाजूचं खोटं रोज छापून येतं, ताई. आपल्या बाजूचं एकदा आलं, ते तुम्ही खोडलं."

मी एवढंच म्हणाले की उद्या दुसरं हाड निघेल, कुणीतरी त्यावरून उलटं सांगेल, मग आपण इथले नाही असं होईल का? आपल्याला जे मिळालं ते घटनेने दिलं, कोण आधी आलं ते मोजून नाही दिलं. दिपेश बसला, पण पटलं म्हणून नाही, काकांनी खूण केली म्हणून. काकांनी मला शाल घातली आणि हळूच म्हणाले, "शाल तुझ्या शिक्षणाची आहे. बॅनरचं आम्ही बघतो." भला माणूस. मी खाली बघितलं तर बाबांची खुर्ची रिकामी होती.

घरी आले तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवले नाहीत. मीही नाही. शेजारच्या रंभाआत्या खीर घेऊन आल्या, आमचे चेहरे बघून वाटी ठेवून गेल्या.

आज सकाळी मी चहा केला तेव्हा ते उठून बसले आणि आपणहून बोलायला लागले. तुला माहितीय, बाबा आंबिवलीहून रोज ठाण्याला जायचे, वागळे इस्टेटमध्ये गिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. तिथे त्र्यंबकराव म्हणून त्यांचे सुपरवायझर होते. वाईट माणूस नव्हता, बाबा म्हणाले. माझ्या फीसाठी ओव्हरटाइम मागितला तर द्यायचा. पण जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की विचारायचा, "दगडू, तुम्ही लोक नक्की येता कुठून रे?" गमतीत. सगळे हसायचे. बाबाही हसायचे.

"रोज नाही," ते म्हणाले. "अधूनमधून. पण रिटायर होईपर्यंत. मला वाटलं, आता एक कागद हातात आला. कुणाला तरी दाखवीन."

त्यांनी घरात ही गोष्ट कधीच सांगितली नव्हती. आईलाही माहीत नसावी.

मग बशीतला चहा संपवून त्यांनी विचारलं, "ती बाई कोण होती, ते तरी कळलं का?"

म्हणून मी त्यांना बाईबद्दल सांगितलं, पुरातत्त्ववाल्यांनी अख्खा सांगाडा तपासून कळवलेलं. चाळिशीच्या आसपासची. दात झिजलेले, म्हणजे खाण्यात जात्या-पाट्याची कच असणार. खूप उकिडवी बसायची, घोट्याच्या हाडावर त्याच्या खुणा आहेत. डोक्याशी एक मडकं ठेवलेलं, झाकणासकट. आणि तिचा डावा हात. लहान वयात मनगटाच्या वर मोडला होता, आणि सरळ जुळला होता. अगदी नीट, एक्स-रेमध्ये बारीकशी गाठ दिसते इतकंच. म्हणजे कुणीतरी तो काठ्या लावून बांधला, कितीतरी दिवस हलू दिला नाही. तेवढे दिवस तिच्या वाटचं पाणी दुसऱ्या कुणीतरी भरलं.

बाबा ऐकत होते. आपला डावा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि उजव्याने धरून ठेवला, त्यांचं त्यांना कळलंही नसेल.

"मग हे का नाही छापलं?" ते म्हणाले.

आमच्या शोधनिबंधात ते एका ओळीत आहे. आपण दोघी डीएनएवर बोलत बसलो, तू हे विचारलं नाहीस आणि मला सांगावंसं वाटलं नाही. तर आता सांगतेय. छापता आलं तर छाप. फक्त मथळा आधी मला वाचून दाखव.

बाबांनी विचारलं, ही तीच ऋजुता ना, घरी न सांगता आपल्याकडे बोंबलाची चटणी खाल्ली ती? डोळ्यांतून धारा लागल्या तरी अजून वाढा म्हणत होती? मी म्हटलं, तीच. म्हणाले, "पोरगी खरी होती." मग कालची खीर मागितली.

वैशाली


आंबिवली, २ जून

ऋजू,

सुट्टी घेऊन परत आलेय. तुझा लेख बाबांनी माझ्यासाठी जपून ठेवला होता. रविवारच्या पुरवणीत, आतल्या पानावर, खालच्या अर्ध्यात. "तिचा हात कुणीतरी नीट बांधला होता." फोनवर वाचून दाखवलास तेव्हापेक्षा छापलेला बघताना जास्त आवडला. संपादक म्हणाले होते यात बातमी काय, आणि तू तीन आठवडे त्यांच्या मागे लागलीस, हे मला तुझ्याकडून नाही, काकूंकडून कळलं. चार ओळींचा खुलासाही दिसला, राशिभविष्याच्या खाली. दिसला एवढं पुरे.

तू विचारलंस, कुणी वाचला का? खरं सांगते, फारसा नाही. मला कुणीही लिंक पाठवली नाही. एकाही चॅनेलने फोन केला नाही. दिपेशने वाचला. रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, चांगलाय ताई, पण याने काय होणार? त्याच्याशी मी पुन्हा बोलणार आहे. त्याचा राग खोटा नाही.

पण काल जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तुझ्या लेखाचं पान घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, ठाण्याला जाऊन येतो. कुणाकडे ते सांगेनात. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. दुपार कलली तरी पत्ता नाही. मी दाराशीच बसून होते.

ते त्र्यंबकरावांकडे गेले होते. टेंभी नाक्याजवळ, कारखान्यातल्या जुन्या कुणाकडून पत्ता काढून. सुनेने दार उघडलं. त्र्यंबकराव आता खुर्चीतून उठत नाहीत, डोळ्यांनीही अंधुक दिसतं. पण आवाजावरून लगेच ओळखलं. "दगडू ना तू? ये, बस," म्हणाले. बाबा मला म्हणाले, "नोकरीत त्यांच्यासमोर कधी बसलो नव्हतो. आज बसलो."

मग त्यांनी पान काढलं आणि सगळा लेख वाचून दाखवला. मोठ्याने, सावकाश, त्यांना आता वाचता येत नाही, ऐकूनच कळणार म्हणून. वाचून झाल्यावर म्हणाले, "ही माझ्या मुलीने शोधलेली बाई. तुम्ही मला विचारायचात, तुम्ही लोक येता कुठून. मला ठाऊक नाही. हिलाही ठाऊक नाही. पण मी आंबिवलीहून यायचो, साहेब, रोज. पाच मिनिटं उशीर झाला नाही कधी."

त्र्यंबकरावांना ते विचारणं आठवत नव्हतं. सून चहा ठेवून गेली, तो निवला. बाबांना वाटलं, झोप लागली की काय. मग म्हणाले, "म्हणत असेन, दगडू. म्हणत असणार." आणि आणखी थोड्या वेळाने, "ते हाताचं पुन्हा वाच."

बाबांनी पुन्हा वाचलं.

निघताना त्र्यंबकरावांनी विचारलं, कागद ठेवशील का, संध्याकाळी मुलाकडून परत वाचून घेतो. बाबांनी ठेवला.

मी विचारलं, बरं वाटलं का बाबा? शर्ट काढून खुंटीला लावत म्हणाले, "बरं म्हणजे काय. जाऊन आलो." मग दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर कैरीची चटणी मागितली आणि अंगणात खुर्ची टाकून अंधार पडेपर्यंत बसून राहिले. रंभाआत्यांशी हसून बोलताना ऐकू येत होते.

आज सकाळपासून मात्र पिशवी उलटीपालटी करतायत. आपल्याकडे ती एकच प्रत होती, हे त्यांच्या आता लक्षात आलं. ऋजुताकडे असेल ना, असं मला दोनदा विचारून झालं. असेल म्हटलं.

रविवारी ये, आणि एक घेऊन ये.

वैशू